अकरा पायऱ्यांचा शॉट

रविवारी सकाळच्या शोहून परतल्यावर नितेश परब आणि ओजस कारखानीस यांनी चहा यायच्या आधीच भांडायला सुरुवात केली. भांडण सिनेमाच्या शेवटच्या लढाईवरून होतं. त्या लढाईत एक सुपरहिरो आणि एक राक्षस समुद्रावरच्या पुलावर वीस मिनिटं एकमेकांना आपटत होते आणि शेवटी पूलच पाण्यात गेला होता.

"वजन नाही रे त्याच्यात!" नितेश म्हणाला. "एवढा मोठा राक्षस आपटला, पण तो दणका माझ्या पोटात आला का? नाही आला. सगळं कॉम्प्युटरवर. कार्टून बघायला गेलो होतो का आपण?"

"तुझ्या पोटात यायला खरा पूल पाडायचा का? तीनशे माणसं दीड वर्ष त्या पुलावर बसली होती, माहितेय?"

"खुर्चीवर बसली होती. पुलावर कोण होतं? कोणीच नव्हतं. तोच तर प्रॉब्लेम आहे यार."

दोघेही अडतीस वर्षांचे आणि मुलुंडच्या एकाच शाळेत एकाच बाकावर बसलेले. नितेश रबरी गास्केट बनवणाऱ्या कारखान्यात माल तपासायचा. दिवसभर खोटा माल बाजूला काढून काढून त्याला सगळ्याच गोष्टींत खोट दिसू लागली होती. ओजस समोरच्या विंगेत राहायचा आणि अंधेरीच्या एका स्टुडिओत सिनेमाची दृश्यं कॉम्प्युटरवर जुळवायचा. खरं सांगायचं तर उडणाऱ्या हिरोंच्या पाठीला बांधलेल्या तारा पुसणं, हेच त्याचं बारा वर्षांचं मुख्य काम होतं. त्यामुळे नितेशने कॉम्प्युटरला नावं ठेवली की ओजसला आपल्या घरच्यांना नावं ठेवल्यासारखं वाटायचं.

खिडकीजवळच्या कॉटवर नितेशचे वडील गुणाजी पेपर वाचत होते. वय एकाहत्तर. गिरणी बंद पडल्यावर एका ओळखीच्या फाइट मास्टरने त्यांना सिनेमात नेलं आणि पुढची वीस-बावीस वर्षं त्यांनी हिरोंचा डुप्लिकेट म्हणून काढली. घोड्यावरून पडले, काचेतून आरपार गेले, गच्चीवरून खोक्यांच्या ढिगावर आले. नितेश प्रत्येक वादात त्यांचा दाखला द्यायचा. ते स्वतः कधीच काही बोलायचे नाहीत.

"खरं म्हणजे काय ते दाखवतो तुला," म्हणत नितेशने मोबाइल टीव्हीला जोडला.

एका जुन्या हिंदी सिनेमाचा तुकडा होता. लाल केप घातलेला हिरो किल्ल्याच्या दगडी जिन्यावर गुंडांशी लढतो, पाठीत लाथ बसते आणि तो बावीस पायऱ्या गडगडत खाली येतो. हिरो म्हणजे अर्थात गुणाजी. हा तुकडा ओजसने शंभरदा तरी पाहिला होता. पण आज तो चिडलेला होता, म्हणून त्याने पहिल्यांदाच तो कामाच्या डोळ्यांनी पाहिला.

"थांब. मागे घे. इथे कट आहे."

"कसला कट?"

"पाचव्या पायरीपर्यंत काका आहेत. सहाव्या पायरीवर पाय बघ, वाकतच नाही. त्याला गुडघाच नाहीये. डमी आहे ती, कापडाची. खाली पोचल्यावर परत काका."

"माझ्या बापाला तू डमी म्हणतोस?"

"अरे, त्यात कमीपणा काय? बावीस पायऱ्या कोण खरा पडेल? मान मोडेल. तेव्हा डमी होती, आता कॉम्प्युटर आहे. एकच गोष्ट."

"बाबा, सांगा याला!"

गुणाजींनी पेपरची नीट चौकोनी घडी केली. "खूप वर्षं झाली," ते म्हणाले. "आठवत नाही आता."

ते उठले, आत मोरीपाशी गेले, बाहेर आले आणि दाराकडे निघाले. "दूध घेऊन येतो," एवढंच पुटपुटले.

"दूध आसा घरात," नितेशची आई जानकीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. पण तोवर ते बाहेर पडले होते.

दोघे मित्र पुन्हा पुलाकडे वळले. पाचेक मिनिटं गेली असतील. मग खालून आवाज आला. गव्हाचं पोतं जिन्यावरून सोडून द्यावं तसा, पण त्यात एक ताल होता. शेवटचा ठोका पडला आणि मग वॉचमन सहदेव ओरडला.

इमारत तीन मजली, लिफ्ट नाही. गुणाजी तळमजल्याच्या लॉबीत कुशीवर पडले होते, हनुवटी छातीशी, एक हात लांब. वरच्या वळणापासून खालपर्यंतच्या अकराही पायऱ्या ते उतरले होते, मात्र पायांनी नव्हे. नितेश उचलायला धावला.

"हलवू नका," गुणाजी म्हणाले. "खुबा गेलाय."

हेच निदान पुढे हॉस्पिटलात तीन डॉक्टरांनी दोन तास लावून केलं.

"मी बघितलं ना," सहदेव सांगत होता. "असे आले ते वरून... एकदम झकास... म्हणजे, लय वाईट पडले हो."

सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर ताम्हाणे यांना वेगळीच काळजी होती. पाण्याच्या टाकीची पाइपलाइन दोन महिने गळत होती आणि जिना अधूनमधून ओला असायचा. उद्या कोणी सोसायटीला जबाबदार धरलं तर? त्यांनी ताबडतोब लॉबीतल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं. जिना कोरडा ठणठणीत होता. त्या आनंदात त्यांनी ती क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'सभासदांनी जिना उतरताना कठडा धरावा. श्री. परब यांना लवकर आराम पडो.'

सोसायटीच्या ग्रुपवरून ती क्लिप नातेवाइकांच्या ग्रुपवर गेली, तिथून भजनी मंडळाच्या आणि मंगळवारी दुपारी, गुणाजी ऑपरेशन थिएटरमध्ये असताना, सुपरहिरो सिनेमांच्या चाहत्यांच्या ग्रुपवर आली. चारशे सभासदांचा हा ग्रुप नितेश आणि ओजसनेच नऊ वर्षांपूर्वी काढला होता.

नितेश बाहेरच्या बाकावर बसला होता. शेजारी आई हातातली पिशवी घट्ट धरून बसली होती. मोबाइल थरथरला म्हणून त्याने पाहिलं.

'प्रॅक्टिकल की सीजी? खरं की कॉम्प्युटरवरचं? तुम्हाला काय वाटतं?' कोणीतरी विचारलं होतं.

'सीजी. पाचव्या पायरीनंतर बॉडी बघा. वजनच नाही.'

'एआय आहे भाई. हाताची बोटं मोजा.'

'म्हातारा माणूस असा पडूच शकत नाही. हाडं असतात माणसाला.'

'लायटिंग चांगलंय, पण पोटात येत नाही.'

हे शेवटचं वाक्य नितेशचं स्वतःचं होतं. गेली नऊ वर्षं तो ते ग्रुपवर लिहीत आला होता आणि आता पोरांनी ते उचललं होतं. त्याने लिहिलं, 'ते माझे वडील आहेत. आत ऑपरेशन चालू आहे.'

मग एकाने लिहिलं, 'सॉरी ब्रो. काळजी घे.' आणि लगेच खाली, 'ओरिजिनल फाइल मिळेल का पण?'

नितेशने मोबाइल बंद केला. आईने विचारलं, "कोण काय म्हणता?"

"काही नाही. बाबांची चौकशी करतायत."

ऑपरेशन पार पडलं. पण हाड ठिसूळ होतं. डॉक्टरांनी नितेशला बाजूला घेऊन सांगितलं की वॉकर धरून घरातल्या घरात चालतील, जिना मात्र विसरा. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ काय, ते नितेशला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. चार माणसांनी गुणाजींना खुर्चीत बसवून वर आणलं. खुर्ची उंबऱ्याच्या आत टेकली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बाबा आता या दारातून स्वतःच्या पायांनी बाहेर पडणार नाहीत.

त्यातच विम्याचं प्रकरण उभं राहिलं. अपघाताचा दावा होता, म्हणून कंपनीने चौकशीला माणूस पाठवला. चंद्रप्रकाश त्याचं नाव. गोड बोलणारा, अंगाने बारीक. सोसायटीच्या ऑफिसात बसून त्याने ती क्लिप सहा वेळा पाहिली.

"रेलिंग नाही पकडली त्यांनी," तो म्हणाला.

"अचानक झालं असेल ना."

"हां, होतं असं. वडील आधी कामाला कुठे होते?"

इथे नितेशने गप्प बसायला हवं होतं. पण ग्रुपवरच्या पोरांनी त्याचं काळीज पोखरलं होतं. कोणीतरी पहिल्यांदाच आपुलकीने वडिलांबद्दल विचारत होतं. त्याने घोड्यापासून सुरुवात केली. काच सांगितली, गच्ची सांगितली, किल्ल्याच्या बावीस पायऱ्या तर उभं राहून सांगितल्या. चंद्रप्रकाशने सगळं लिहून घेतलं. फाइट मास्टरचं नाव दोनदा विचारून घेतलं. जाताना नितेशचा हात हातात घेऊन म्हणाला, "ग्रेट माणूस आहे तुमचे वडील."

आठवड्याने पत्र आलं. पत्राचा मतलब असा होता, की सदर इसम पडण्याच्या कामात व्यवसायाने प्रशिक्षित आहे. पडताना त्याने डोकं वाचवलं, हनुवटी आत घेतली, भार खांद्यावर घेतला आणि आधारासाठी कठडा धरण्याचा एकदाही प्रयत्न केला नाही. सबब, हा अपघात वाटत नाही. दावा नामंजूर.

नितेश पत्र घेऊन सरळ ओजसच्या दारात गेला. पंधरा दिवस दोघांत बोलणं नव्हतं. ओजस हॉस्पिटलात यायचा, काकूंना डबा द्यायचा आणि नितेशची नजर चुकवून जायचा.

"माझ्या बापाला नकली म्हणतायत," नितेश म्हणाला. "ग्रुपवरची पोरं म्हणतात, आता कंपनी पण म्हणते. तूच पहिला म्हणालास. आता तूच निस्तर. एकेक फ्रेम काढ आणि लिहून दे, की घसरले ते. मी अपील करतो."

ओजसने ताम्हाण्यांकडून मूळ रेकॉर्डिंग घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो स्टुडिओत ते उघडून बसला. त्याच्या रांगेतल्या सात खुर्च्यांपैकी चार रिकाम्या होत्या. तारा पुसण्याचं काम आता यंत्र आपण होऊन करत होतं आणि माणसं एकेक करून घरी बसत होती. त्याने डबा न उघडताच फ्रेम पुढे सरकवायला सुरुवात केली.

लोकांकडे फिरत होती ती क्लिप पडण्यापासून सुरू व्हायची. मूळ रेकॉर्डिंगमध्ये आधीची दीड मिनिटं होती. त्यात गुणाजी वरच्या वळणावर येऊन उभे राहिलेले दिसत होते. ते खाली पाहतात, कोणी येत नाही ना याची खात्री करतात, वाकतात, पायांतल्या चपला काढून भिंतीशी शेजारी शेजारी ठेवतात. मग सरळ उभे राहून एक लांब श्वास घेतात. खांदे खाली येताना दिसतात.

ओजसने स्क्रीन बंद केली. मग पुन्हा चालू केली. मग, बारा वर्षांच्या सवयीने म्हणा किंवा भीतीने म्हणा, त्याने त्या चपला पुसायला घेतल्या. वाकणं कापलं, श्वास कापला, पहिल्या पायरीवर तोल गेल्यासारखा एक हात कठड्याकडे वळवला. तासाभरात काम झालं. इतकं सफाईदार काम त्याने वर्षभरात केलं नव्हतं. गुणाजी आता कोणत्याही म्हाताऱ्यासारखे घसरून पडत होते.

संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन परबांकडे आला. गुणाजी कॉटवर डोळे मिटून पडले होते, जानकीबाई त्यांच्या पायांना तेल चोळत होत्या. ओजसने नितेशला गॅलरीत घेतलं आणि क्लिप दाखवली.

"बघ! हात बघ कठड्याकडे!" नितेशचा आवाज चढला. "मी सांगत होतो ना? हे त्या चंद्रप्रकाशला का नाही दिसलं?"

ओजसने लॅपटॉप मिटला.

"काय रे?"

"तो हात मी लावलाय," ओजस म्हणाला.

"म्हणजे?"

"आधी वेगळं होतं. ते मी काढलं. तू पाठव ही. त्याने बघितली ती अर्धवट होती म्हण. कोणाला कळणार नाही, गॅरंटी देतो."

नितेशला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याने ओजसची कॉलर धरली. "माझ्या बापाला तू सीजी केलंस? माझ्या खऱ्या बापाला? काय काढलंस त्यातनं, बोल!"

"चपला," आतून आवाज आला.

गुणाजींचे डोळे उघडे होते. "चपला काढल्या होत्या मी. रबरी होत्या. रबर पायरीला धरतं, मग मान फिरते. त्याला सोड, नितेश."

नितेशने कॉलर सोडली. तो आत येऊन कॉटसमोर उभा राहिला. "तुम्ही मुद्दाम पडलात?"

"पडलो नाही. शॉट दिला."

"ओजस बरोबर बोलत होता," गुणाजी म्हणाले. "डमीच होती. त्या दिवशी मी वर उभा राहिलो, केप बांधली, खाली बावीस पायऱ्या बघितल्या आणि पाय हलेनात. तू तेव्हा सात महिन्यांचा होतास. पाच पायऱ्या कसातरी गेलो आणि पायरी धरून बसलो. मास्टर एक शब्द बोलला नाही. डमी मागवली. बोलला असता तर बरं झालं असतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"कधी सांगू? शाळेत सांगून आलास, ऑफिसात सांगितलंस, ओजसच्या लग्नात वऱ्हाडाला सांगितलंस. दर वेळेला बावीस. मी मान हलवत राहिलो."

ओजस दारातच उभा होता. "काका, सॉरी. मी तोंड उघडलं नसतं तर..."

"तू नीट बघितलंस. इतक्या वर्षांत कोणी नीट बघितलंच नव्हतं."

नितेश आईकडे वळला. "आई, ऐकतेयस ना तू?"

जानकीबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली. "माका तेवाच कळला," त्या म्हणाल्या.

"तेव्हाच म्हणजे?"

"दूध आणूक जाताना दात काढून वाटीत कोण ठेवता? मी भांडा धुवूक गेलंय, बघतंय तर वाटीत दात. दारापर्यंत इलंय, तवसर आवाज झालो." त्यांनी पदराने हात पुसले. "हॉस्पिटलात डाक्टर इचारी, दात खंय गेले. मी सांगलंय, पडताना गेले. माज्या पिशयेत होते."

"आणि तू गप्प बसलीस? एवढे दिवस?"

"सांगून खुबो जोडतलो काय?"

खाली कोणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न वाजला. नितेशने अपिलाचा कागद खिशातून काढला, उलगडला, पुन्हा घडी केली आणि खिशात ठेवला. तो कागद पुढे कुठेच गेला नाही. हॉस्पिटलचा सगळा भार त्याने उचलला आणि त्यासाठी कारखान्यात रविवारीही जायला लागला.

"बघू तरी," गुणाजी म्हणाले.

"काय?"

"शॉट. सगळ्यांनी बघितला. गावभर बघितला. मला कोणी दाखवलाच नाही."

ओजसने लॅपटॉप कॉटवर ठेवला. मूळ रेकॉर्डिंग लावलं, हात न लावलेलं. जानकीबाईंनी चष्मा आणून दिला आणि स्वतः मात्र भिंतीकडे तोंड करून बसल्या. स्क्रीनवर गुणाजी वळणावर आले, थांबले, चपला काढल्या, श्वास घेतला आणि निघाले. अकरा पायऱ्या, चार सेकंद. खाली हात लांब होऊन पडला.

त्यांनी तीनदा पाहिलं. नितेशला वाटलं, बाबा आता रडतील. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खोटं नव्हतं ते. वजन होतं. प्रत्येक पायरी त्याच्या पोटात येत होती आणि त्याला ते अजिबात आवडत नव्हतं.

गुणाजींच्या कपाळाला आठी पडली होती. "चुकलं," ते म्हणाले.

"काय चुकलं बाबा?"

त्यांनी सातव्या पायरीवर बोट ठेवलं. "इथे बघ. चेहरा दिसतोय."

"मग?"

"मग काय? डुप्लिकेटचा चेहरा दिसून चालतो होय? मास्टरने कट म्हटलं असतं. पाठ कॅमेऱ्याकडे ठेवायची, केस चेहऱ्यावर आणायचे, हे पहिल्या दिवशी शिकवतात. विसरलो मी." त्यांचा आवाज खरोखरच खजील झाला होता. "एवढं करून शॉट बाद."

सातव्या पायरीवर चित्र थांबलेलं होतं. बोळक्या तोंडाचा एक म्हातारा माणूस, पाय आभाळाकडे, डोळे टक्क उघडे, सरळ कॅमेऱ्यात पाहत होता.

ओजस पुढे सरकला. पुसणं हे एवढंच त्याला येत होतं, आणि या घराला देण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. "पुसू का काका?" त्याने हळूच विचारलं. "चेहरा. दोन मिनिटांचं काम आहे."

गुणाजींनी चष्मा वर सरकवून स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "राहू दे."

मग नितेशला म्हणाले, "परत लाव."